पाणी न पिणारी शाळा

एलिनेड प्रॉसरकडे मुलांच्या स्वास्थ्याचं काम आलं ते कुणी विश्वासाने सोपवलं म्हणून नव्हे. आधीची बाई नोकरी सोडून गेली, आणि 'आता हे कोण बघणार' असं बैठकीत विचारल्यावर आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. एलिनेड तेवढी वर बघत राहिली. ती उपमुख्याध्यापिका होतीच. वेळापत्रक तिच्याकडे, गैरहजर शिक्षकाचा तास कुणाच्या गळ्यात मारायचा हे तिच्याकडे, शिवाय आठवी-नववीचा भूगोल. त्यात हे आणखी एक.

"अगं मॉर्विद, आता पोरांचं मनही माझ्याकडे आणि पोटही," ती मला म्हणाली आणि थंडगार झालेला चहा परत मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला गेली. तो चहा तिने प्यायल्याचं मला आठवत नाही.

मी त्याच शाळेत इतिहास शिकवते. खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला शाळा आहे. मागे डोंगर, पुढे उतारावर रांगेने उभी एकसारखी घरं. कुंपण कुठेतरी तुटलेलं असतं आणि दर आठवड्याला एखादी मेंढी मैदानात शिरते. खाण बंद पडल्यापासून गावात शाळा, बेकरी, वृद्धाश्रम आणि खालच्या शहराला जाणारी बस एवढंच काय ते उरलं आहे. बहुतेक मुलांच्या आयांना आणि बापांना आम्हीच शिकवलंय.

एलिनेडने काम मनापासून केलं, हे मी तिची मैत्रीण म्हणून सांगत नाही. सोमवारी सकाळच्या सभेत ती अख्ख्या शाळेला डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला लावायची. मागच्या रांगेतून घोरण्याचे आवाज यायचे, तरी ती थांबायची नाही. वाचनालयाशेजारची अडगळीची खोली रिकामी करून तिथे मऊ खुर्च्या टाकल्या. कुणाला रडू आलं, कुणाचं डोकं फिरलं, तर तिथे जाऊन बसावं. चिप्स फक्त शुक्रवारी केल्या, त्यावरून तिला महिनाभर शिव्या बसल्या. जिन्यात, कॅन्टीनमध्ये, जिथे तिथे हसऱ्या ग्लासची चित्रं लावली, खाली लिहिलेलं: भरपूर पाणी प्या.

टॉयलेटला कुलूप लावायचं ठरलं ते त्याच्या आदल्या वर्षी. पोरं आत जाऊन व्हेप, ती वाफेची सिगारेट, ओढायची, त्या वाफेने आगीची घंटा वाजायची, की सगळी शाळा भर पावसात मैदानात उभी. एकदा तर कुणीतरी वरच्या मजल्यावरचं बेसिन भिंतीपासून उखडलं आणि ते पाणी माझ्या वर्गाच्या छतातून थेट नॉर्मन राजांवर पडलं. म्हणजे त्यांच्या तक्त्यावर. तेव्हा येस्टिन बेनन, आमचा मुख्याध्यापक, म्हणाला की पुरे झालं. तास चालू असताना दारं बंद. मधल्या सुट्टीत आणि जेवणाच्या सुट्टीत तेवढी उघडायची. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. घंटा वाजायच्या थांबल्या, वर्गातून उठून जाणारी पोरं थांबली, आणि आम्हाला वाटलं की एक गोष्ट तरी मार्गी लागली.

फेब्रुवारीत मॅब्ली पडली.

नववीतली मुलगी. बुटकी, केस कायम डोळ्यांवर, वर्गात आहे की नाही ते हजेरी घेतल्यावर कळावं अशी. हेडन रॉसरच्या खेळाच्या तासाला व्यायामशाळेत धावताना ती भिंतीपाशी बसली आणि मग आडवी झाली. हेडन तीस वर्षं खेळ शिकवतोय. त्याचा आवाज मैदानाच्या या टोकावरून बेकरीपर्यंत ऐकू जातो.

"ऊठ ग, नाटकं पुरेत!" तो ओरडला. मग जवळ जाऊन त्याने तिचं कपाळ बघितलं. तिला दोन्ही हातांवर उचलून तो व्हरांड्यातून ऑफिसकडे चालत गेला. माझ्या वर्गाच्या दारातल्या काचेतून मी बघितलं. गळ्यातली शिट्टी तिच्या गालावर आपटत होती आणि तो ती बाजूला करायला बघत होता, पण हात मोकळा नव्हता.

खालच्या शहरातल्या हॉस्पिटलात तिला ठेवून घेतलं. लघवीचं इन्फेक्शन बरेच दिवस अंगावर काढलेलं, ते किडनीपर्यंत गेलं होतं.

शाळा सुटल्यावर एलिनेड तिला बघायला गेली. मी सोबत होते, कारण तिच्या गाडीचं चाक बसलं होतं. पलंगाशेजारी मॅब्लीची मावशी डेलिथ बसली होती. मॅब्लीची आई बरीच वर्षं दुसरीकडे असते, पोर मावशीनेच वाढवली. डेलिथ बेकरीत कामाला; अंगावर अजून तो पांढरा कोट होता. एकेकाळी तीही एलिनेडच्या वर्गात होती.

"या मिस," ती म्हणाली. खुर्ची एकच होती आणि त्यावरून ती उठली नाही.

"कशी आहे आता?" एलिनेडने विचारलं.

"बघा की. नळ्या लावल्यात." डेलिथ आमच्याकडे न बघता बोलत होती. "तुम्ही मला भूगोल शिकवलात, मिस. कुठली नदी कुठून निघते नि कुठे जाऊन मिळते, सगळं पाठ करून घेतलंत. आता मला एवढंच सांगा, माझ्या पोरीच्या पोटातल्या पाण्याने जायचं कुठे?"

"मावशी, गप ना," मॅब्ली पुटपुटली.

"का गप? सकाळी चहा पीत नाही, डब्यासोबत पाणी नेत नाही. चार वाजता घरात येते ती दप्तरासकट टॉयलेटमध्ये पळते. मला वाटलं, वय आहे, असतं एकेक खूळ. मला काय माहीत तुम्ही कुलपं लावून बसलाय!"

एलिनेड पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. "मॅब्ली, सुट्टीत उघडं असतं ना ग?"

मॅब्लीने डोळ्यांवरचे केस बाजूला केले. "असतं मिस. पण रांग असते. दोन दारांना कडीच नाही. आणि मोठ्या मुली आत बसून असतात, त्या दारावरून फोन धरतात." ती थांबली. "माझ्यावर नाही धरला. पण एकीवर धरला होता. मग मी जायचंच सोडलं. पाणी नाही प्यायलं की जावं लागत नाही."

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्याच तसं करतात, मिस." तिने एलिनेडकडे जरा नवलाने बघितलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

परतताना पाऊस होता. वायपर फिरत होते. गाडीत एलिनेड म्हणाली, "निघताना काय बोलले मी त्या पोरीला, ऐकलंस? म्हटलं, 'बघते हं.' बघते! वीस वर्षं मी हेच सांगतेय सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी तिने नववीच्या वर्गात पुस्तक न उघडताच विचारलं, "आज सकाळपासून कोण कोण पाणी प्यायलं? हात वर करा."

दोन-तीन हात वर आले, तेही मुलांचे. त्यातला ओशन नावाचा एक वात्रट कार्टा म्हणाला, "मी पितो मिस! मला काय, डोंगरभर झाडं आहेत." वर्ग खिदळला. एलिनेडही हसली, आणि हसणं संपल्यावर तशीच वाट बघत उभी राहिली. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली की ती फक्त घोट घेऊन तोंड ओलं करते. दुसरी म्हणाली की महिन्याच्या त्या दिवसांत ती शाळेतच येत नाही. गैरहजेरीत 'पोटदुखी' लिहिते आई. तिसरीने 'मीही' म्हणून मान डोलावली. मुलांमधला एक जण, ओशन नव्हे, हळूच बोलला की मुलांच्या टॉयलेटमध्ये तर दोन दारंच नाहीत, त्यामुळे तोही सुट्टीत जात नाही.

ही सगळी तीच मुलं, जी सोमवारी डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायची.

येस्टिनच्या खोलीची भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा आहे, आणि मी बाहेर झेरॉक्सपाशी उभी होते, त्यामुळे पुढचं बोलणं मला ऐकावंच लागलं. येस्टिन एलिनेडपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याच्या घरी तान्हं बाळ होतं, डोळे कायम लाल.

"दारं उघडी ठेवू म्हणता," तो म्हणाला, "पण बघणार कोण? मागच्या वर्षीचं आठवतंय ना? माझ्याकडे माणूस नाही, एलिनेड. एक माणूस दाखवा मला मोकळा."

"मोकळं कुणी नाही, मलाही ठाऊक आहे."

"मग? वसंतात तपासणी येतेय. तुमच्या कामामुळे स्वास्थ्याच्या बाबतीत तरी आपण वर आहोत. काउन्सिलची माणसं तुमची ती निवांत खोली बघायला येणार आहेत. आता कुठे घडी बसलीये."

"बसलीये ना. पोरी दिवसभर मांड्या आवळून बसल्यात, तशी बसलीये." तिचा आवाज चढला नव्हता, तो अगदी थकलेला होता. "अरे, एक पोर हॉस्पिटलात आहे. मी भिंतीवर हसरे ग्लास चिकटवत फिरतेय, आणि मुतायला दार बंद!"

मग येस्टिन चिडून म्हणाला, "ठीक आहे. मग तुम्हीच बसा तिथे दारात."

"बसते," एलिनेड म्हणाली.

त्याला ते अपेक्षित नव्हतं, आणि मला वाटतं तिलाही नव्हतं.

खालच्या मजल्यावर मुलींच्या टॉयलेटसमोर, मुलांच्या टॉयलेटलाही लागून, व्हरांड्याचा एक कोपरा आहे, जिथे हीटर पोचत नाही. तिथे तिने एक टेबल लावून घेतलं आणि ऑफिस थाटलं. रखवालदाराकडून आधी कड्या आणि मुलांच्या बाजूची दोन दारं बसवून घेतली. आत जाताना फोन टेबलावर ठेवायचा, बाहेर येताना उचलायचा, एवढा एकच नियम. अंगावर लोकरीची शाल, समोर लॅपटॉप, मागे हात सुकवायच्या मशीनची घरघर. वेळापत्रक तिथेच, पालकांचे फोन तिथेच. "नाही हो, वादळ नाही, मशीन आहे," असं ती फोनवर सांगताना मी स्वतः ऐकलंय.

"मिस, तिकीट किती?" पोरी विचारायच्या.

"आज फुकट. उद्यापासून गृहपाठ दाखवायचा."

स्टाफरूममध्ये थट्टा जास्त बोचरी होती. "काय एलिनेड, धंदा कसा चाललाय?" फ्रेंच शिकवणारी बाई विचारायची. हेडनने तिचं नाव 'फाटकवाली' ठेवलं. काउन्सिलची माणसं आली तेव्हा येस्टिन त्यांना निवांत खोलीकडे नेत होता, तर त्यांतल्या एका बाईंनीच विचारलं की टॉयलेट कुठे आहे, आणि त्या थेट एलिनेडसमोर येऊन उभ्या राहिल्या. "फोन ठेवा इथे," एलिनेड वर न बघता म्हणाली. बाईंनी मुकाट्याने ठेवला.

पण गंमत सोडली तर तिची दशा होत चालली होती. त्या गारठ्यात खोकला लागला. टेबलावरचं काम अर्धवट राहायचं, ते घरी जायचं. आणि मुली आता नुसत्या जायच्या-यायच्या नाहीत, थांबायला लागल्या. कुणाचा बाप घर सोडून गेलेला, कुणी दोन दिवस जेवलेली नाही कारण मैत्रिणीने 'जाडी' म्हटलं. निवांत खोलीत कधी न आलेल्या मुली इथे, वाहत्या नळाच्या आवाजात, बोलायच्या. ऐकून घ्यायचं म्हणजे पुढे काही करायचंही. फोन, भेटी, घरी जाणं. एके दिवशी मी तिला म्हटलं, "अगं, सगळं तूच का घेतेस?" तर म्हणाली, "मी कुठे घेते? येऊन पडतंय." आणि टेबलावर डोकं ठेवून तिने जरा वेळ डोळे मिटले.

ती वर्गावर जायची तेव्हा दार बंद करावं लागे. एका गुरुवारी ती कुलूप लावायला विसरली. दहावीच्या पोरींनी आत जाऊन व्हेप ओढलं, घंटा वाजली, आणि सगळी शाळा पुन्हा मैदानात. गारा पडत होत्या. त्या गारांतून येस्टिन तिच्याजवळ आला.

"मला आनंद होत नाहीये हे सांगताना," तो म्हणाला, "पण सोमवारपासून पुन्हा बंद. नाहीतर उद्याच्या बैठकीत लोकांना तयार करा. प्रत्येकाने आठवड्याचा एक तास द्यायचा. ते तयार झाले तर मी आड येणार नाही."

शुक्रवारी शाळा सुटल्यावरची बैठक म्हणजे काय, हे शिक्षकांना सांगायला नको. ओले कोट खुर्च्यांवर, बिस्किटांचा पुडा फिरतोय, सगळ्यांची नजर घड्याळावर. एलिनेडने थोडक्यात सांगितलं. मॅब्लीचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. मग म्हणाली, "एक मोकळा तास. आठवड्यातून एक. तिथे बसून वह्या तपासा, काहीही करा. फक्त माणूस हवं."

बिस्किटांचा पुडा पुढे सरकला.

मग फ्रेंचची बाई म्हणाली, "माझ्याकडे मोकळे तास तीन आहेत, एलिनेड. त्यातले दोन तूच दुसऱ्यांच्या वर्गांवर घालतेस. राहिला एक. तोही टॉयलेटच्या दारात काढू?"

ती चुकीचं बोलत नव्हती, हीच पंचाईत होती.

"मी इथे नोकरीला लागलोय ते खेळ शिकवायला," हेडन म्हणाला. "युनियनला विचारा, हे आमच्या कामात बसतं का."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी हात वर केला, संगीताच्या सरांनी केला, एवढंच. येस्टिन खाली बघत होता. एलिनेड उभी होती. तिला खोकल्याची उबळ आली, ती खुर्चीत बसली. मला वाटलं, संपलं. ती आता 'बरं' म्हणेल आणि आपण घरी जाऊ. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलंच नव्हतं.

बसल्या बसल्याच तिने विचारलं, "मला एक सांगा. आज सकाळपासून तुमच्यापैकी कोण जाऊन आलं?"

"कुठे?"

"तिथेच. दुसरीकडे कुठे?"

हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आता आमचीही हजेरी घेणार का?" पुन्हा हशा. मग तो ओसरला आणि लोक खरंच आठवायला लागले, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी आठवलं. सकाळी घरून निघताना. त्यानंतर नाही. त्या वर्षी मला दोनदा इन्फेक्शन झालं होतं आणि दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, वय झालं.

जीवशास्त्राची तरुण बाई गरोदर होती, सातवा महिना. ती म्हणाली, "मी जेवताना पाणी पीत नाही. लगेच पुढचा तास असतो ना, वर्ग सोडून कसं जाणार? परवा डॉक्टर केवढ्या ओरडल्या मला." आणि एवढं बोलून तिला रडूच आलं. शेजारच्या बाईने बिस्किटांचा पुडा तिच्यापुढे केला, काय करावं ते न सुचून.

मग एकेक जण बोलायला लागला. एकाला मुतखडा होऊन गेलेला. एकीने सकाळची कॉफी सोडलेली. हे सगळं आम्हाला एकमेकांबद्दल माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकाच खोलीत चहा करत होतो, तो न पिता.

हेडन उठून खिडकीशी गेला होता. आमच्याकडे पाठ करूनच तो बोलला, आणि त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "नाताळात मी स्पेनला गेलो होतो, असं सांगितलं होतं तुम्हाला."

"हो, आणि पिठासारखा पांढरा होऊन परत आलास," संगीताचे सर म्हणाले.

"स्पेन कुठलं! खालचं हॉस्पिटल. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं." तो वळला. "त्याआधी दोन वर्षं दर तासाला जावं लागायचं मला. वर्ग सोडून जाता येईना. पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो आणि मी झुडपामागे. या वयात. आणि परवा ती पोर पडली तेव्हा मी तिला म्हटलं, नाटकं पुरेत." तो थांबला, नाक ओढलं. "मंगळवार आणि शुक्रवार माझे. मुलांच्या बाजूला बसतो. आणि कुणाला पाच मिनिटं वर्ग सोडून जायचं असेल तर मला हाक मारा. मी उभा राहतो तुमच्या वर्गात. शिकवणार नाही काही, नुसता उभा राहीन. पोरं गप बसतील."

"ती तर बसतीलच," येस्टिन म्हणाला. मग सावकाश, "सोमवारचा पहिला तास मी घेतो."

सगळे तयार झाले असं मुळीच नाही. फ्रेंचची बाई झाली नाही, आणि तिच्यावर कुणी रागावलंही नाही. पण दिवसाचे बहुतेक तास भरले. उरलेल्या तासांना दार बंद राहिलं, अजूनही राहतं. येस्टिन त्याच्या तासाला टेबलापाशी बसल्या बसल्या झोपायचा. मुली चवड्यांवर चालत जायच्या आणि त्याच्यासमोर फोन हळूच ठेवायच्या. हेडनच्या तासाला मुलांच्या बाजूला व्हेपची वाफ औषधालाही दिसेना. घंटा वाजायची थांबली नाही, पण कमी झाली. तपासणी आली नि गेली. अहवालात आमच्या निवांत खोलीचं कौतुक होतं, टॉयलेटबद्दल चकार शब्द नव्हता.

मॅब्ली परत आली नाही. डेलिथने तिचं नाव डोंगरापलीकडच्या शाळेत घातलं.

एलिनेड बेकरीत डेलिथला भेटायला गेली होती. दारं आता उघडी असतात, कड्या बसवल्या, फोन बाहेर राहतात, सगळं तिने सांगितलं. डेलिथने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं. "बरं केलंत, मिस," ती म्हणाली. "दुसऱ्यांच्या पोरींना होईल उपयोग." आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

एप्रिलात एक दिवस तिनेच काउंटरमागून हाक मारली. आम्ही दोघी होतो. "मिस, तिकडेही कुलूपच आहे," डेलिथ म्हणाली. तिच्या बोलण्यात आता राग नव्हता. "पोर म्हणते, तिकडे तर जेवणाच्या सुट्टीत पण एकच उघडतात. पुन्हा तेच चालू झालंय. सांगा, आता कुठे घालू हिला?"

त्या दिवशी दुपारी एलिनेडने त्या शाळेला फोन लावला. टेबल तिथेच होतं, फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी वह्या घेऊन बसले होते. पलीकडची उपमुख्याध्यापिका तरुण वाटत होती आणि आवाजावरून पार दमलेली.

"सगळं पटतंय हो," ती म्हणाली. "पण माझ्याकडे माणसं नाहीत. मी आज सकाळपासून टेकलेले नाही."

"माहीत आहे," एलिनेड म्हणाली. "पाणी तरी प्यायलीस का?"

ती तरुण बाई हसली, बरं वाटलं म्हणून नव्हे, बाई काय विचारतात म्हणून.

"मी येते भेटायला," एलिनेड म्हणाली. "तुमच्या सगळ्या शिक्षकांना बसव एकदा. मी काही शिकवायला येत नाही. एक प्रश्न विचारते आणि जाते."

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. गाडी मीच चालवली. डोंगराच्या पहिल्या वळणावरच एलिनेडची मान खिडकीला टेकली. धुक्यात समोरचं दिसत नव्हतं, आणि मेंढ्या रस्त्यात बसल्या होत्या, तरी मी हॉर्न वाजवला नाही. तिकडच्या बैठकीत तिने आपला प्रश्न विचारला. तिथेही आधी हशा झाला. पुढचं काही लगेच जमलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी एक टॉयलेट तास चालू असतानाही उघडं ठेवायला सुरुवात केली, एवढं ती तरुण बाई फोनवर सांगत होती. दारात कोण बसतं, असं विचारल्यावर म्हणाली, "सध्या मीच."

मॅब्लीला नंतर त्रास झाला नाही. उंची वाढली म्हणे, केस कापले. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्या दिवशी सकाळी आम्ही बेकरीत थांबलो, तेव्हा एलिनेडने डेलिथला विचारलं, "पाणी पिते का ग आता?"

डेलिथने जरा विचार केला. "घरी पिते," ती म्हणाली.

एलिनेडने मान हलवली, दोन पाव घेतले, आणि आम्ही वर शाळेकडे निघालो. टॉयलेटच्या दारातला पहिला तास तिचा होता.